दार मालवणात, चूल खैरवणात

खारेपाटण, २ मार्च १९५९

अक्का,

नमस्कार पोचला असं समज. पत्र तू राहतेस तिथे, दत्तारामदादाच्या पत्त्यावर टाकतोय, पण वाचून घे ते आनंदीबाई मास्तरणींकडून. दादाकडे देऊ नको, तो अर्धं वाचतो आणि उरलेलं मनाने सांगतो.

ह्या ३१ मेला मी रिटायर होतोय. चौतीस वर्षं, अकरा शाळा, आणि एक भिंत अशी नाही की जिच्यात मी माझ्या मर्जीने खिळा ठोकला. शाळेची खोली एक तारखेला सोडायची. वालावलचं घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं, तिथे जाऊन काय करू? शिवाय सीताला दमा. डॉक्टर चालत जाण्यासारखा हवा. म्हणून मालवणात एखादं घर बघ. फंडात बसेल असं, लहान. पण शहरात हवं, मुन्शिपालटीच्या हद्दीत. सगळा जन्म खेड्यांत काढला. आता मला दारासमोर रस्त्यावरचा कंदील हवा, आणि वर्तमानपत्र त्याच दिवशी हवं.

तीन खोल्या पुरे. एक आम्हा दोघांची, एक पुस्तकांची, एक गुरुदास बेळगावहून कॉलेजच्या सुट्टीत आला की त्याची.

तुझी नजर पक्की आहे. मी घर बघायला गेलो तर मालकाशी गप्पा मारून येईन.

काशिनाथ

*

मालवण, ९ मार्च

(सांगणार अक्का, लिहिणार आनंदीबाई. अक्का म्हणतात, 'मी बोलतंय तसाच लिही, पुस्तकी करू नको, नायतर काशीक वाटतला दुसरीच कोण बोलता.' म्हणून तसंच लिहिते. कंसातलं तेवढं माझं.)

काशी, घर गावला. गंगाराम म्हणान एक काजीचो व्यापारी आसा, तो झिलासुनेकडे मुंबैक जाता, म्हणान घर इकता. जकात नाक्याच्या अलीकडे दहा पावलां. रस्त्यार मुन्शिपालटीचो कंदील आसा, तो पडवीत उजेड टाकता. म्हणजे तुझो कंदील झालो. डॉक्टर चालत दहा मिन्टां. सीता चलात तर पंधरा. भिंती चिऱ्याच्यो. पुढे दोन खोल्यो, मागे रांदपाची जागा आणि तेका लागान कोठीची खोली. मागीलदारी बाव. पाणी गोडा. मालवणात बावी रग्गड, पण पाणी खारां, तां तुका ठाऊक आसा.

मागची बाजू जरा शिवेपलीकडे जाता. पण तां काय एवढां नाय.

गंगाराम माका इचारता, 'अक्का, घर कोणाक?' मी म्हटलंय, 'भावाक.' म्हणता, 'मगे भाव येवंदे बघूक.' मी म्हटलंय, 'भाव इलो तर तू बोलान बोलान तेकाच इकत घेतलंस. माझ्याशी बोल.' घर नव्या माणसान घेतला काय शिवेच्या राखणदार देवाक नारळ देवन गाऱ्हाणा घालूचा लागता. तां खयच्या बाजूक घालूचा ता कळव.

(मास्तर, अक्का 'जरा शिवेपलीकडे' म्हणतात. मी घर पाहून आले. शिवेचा दगड स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखाली आहे. उंबऱ्याच्या अलीकडे मालवण. पलीकडे चूल, मोरी, कोठी, विहीर, सगळं खैरवण गावात. आणखी एक. तुमचं पत्र अक्कांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तीन खोल्यांपाशी आले की म्हणायच्या, 'हां, ता परत वाच.')

*

खारेपाटण, १७ मार्च

अक्का,

घर पसंत, न बघता. तुला गोड लागलेलं पाणी मला खारट लागणार नाही.

पण खैरवण हे नाव वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. आपल्या घरात ते नाव कोणी घेत नसे. तू परत आलीस त्यानंतर दोन वर्षांनी मी जन्मलो. तुझं लग्न झालं होतं, नवव्या वर्षी, खैरवणच्या सामंतांकडे. अकरा महिन्यांत तो मुलगा पटकीने गेला आणि त्यांनी तुला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी धाडलं, हे आईने मला मी बावीस वर्षांचा झाल्यावर सांगितलं. तेही दार लावून. तू तर कधीच बोलली नाहीस.

आनंदीबाईंचा रोख मला कळला. खोल्या मोजताना तुझी खोली मी धरली नाही, खरं आहे. आता वाटतं, बरंच झालं. ज्या गावाने तुला हाकललं त्याच गावच्या शिवेत मी तुला रोज भांडी घासायला लावू? दत्तारामदादाकडे तुझं सगळं बसलेलं आहे. तू तिथेच राहा, सणावाराला ये.

आणि नारळ मालवणच्या राखणदाराला दे, तेवढं पुरे. दार जिकडे, घर तिकडे. खैरवणवाल्यांना काही सांगायची गरज नाही. तू त्या बाजूला जाऊच नको.

काशिनाथ

*

मालवण, २४ मार्च (कार्ड)

काशी, बरां. इसाराचो कागद झालो. चावी गंगारामान माझ्याकडे दिल्यान. मालवणच्या राखणदाराक नारळ दिलंय, गाऱ्हाणा घातलां. तू सांगलंस तसा.

(कार्डावर जागा नाही. पण 'बरां' म्हणायच्या आधी अक्कांनी सूपभर तांदूळ निवडले. तांदळात खडे नव्हते.)

*

खारेपाटण, २० एप्रिल

अक्का,

पुस्तकं बांधायला घेतली. सीता म्हणते, 'एवढी वाचलास, तरी घर वन्संनीच शोधूचा लागला.' ती तुला नमस्कार सांगते, आणि सारखं आणखी काहीतरी सांग म्हणते, ते भेटीत.

मृगाआधी छपराचे नळे परतून घ्यायला हवेत. गंगारामाने दोन वर्षं हात लावला नाही असं तूच म्हणालीस. माणसं लाव. आम्ही ३१ला शाळेची किल्ली देतो आणि एक तारखेला सामानासकट येतो. खरेदीखत ४ जूनला.

काशिनाथ

*

मालवण, २ मे

मास्तर,

हे पत्र माझं एकटीचं. अक्का मागच्या दारी आहेत, त्यांना ठाऊक नाही.

नळे परतायला खैरवणची माणसं लावली, कारण जवळची तीच. त्यांचा पुढारी सत्यवान. काल सकाळी वर चढले आणि चुलीवरचे सगळे नळे उतरवून अंगणात रचले. मग वरूनच सत्यवानाने विचारलं, 'अक्का, शिवेर नारळ दिलास मा?'

'दिलंय. मालवणच्या.'

'आणि आमच्या?'

मी म्हटलं, 'अहो, दार मालवणात आहे ना.'

'बाय, दारात कोण जेवता?' सत्यवान म्हणाला. 'चूल आमच्या शिवेत. नवी चूल पेटवची तर आमच्या देवाक कळूक होया. न सांगता पेटवलास आणि उद्या कोणाचा ढोर पडला, तर बोल आमका. छपरार आमी चढलेलो मा.'

सगळे खाली उतरले. एकजण त्याला म्हणत होता, 'सत्या, चढायच्या आधी इचारूचा होता रे.' तो म्हणाला, 'चढायच्या आधी तिना गूळपाणी दिल्यान. हातात गूळ घेवन कसा इचारू?'

कोणी भांडलं नाही. उलट नळे नीट रचून, वर माडाचे झाप टाकून गेले. पण गेले. मालवणच्या माणसांना विचारलं, ती म्हणाली, मागची बाजू आमची नव्हे, त्यांच्यात आम्ही पडत नाही. म्हणजे आज पुढच्या दोन खोल्यांवर छप्पर आहे आणि चूल उघड्यावर आहे. मृगाला पाच आठवडे.

खैरवणच्या देवळात दर सोमवारी मानकरी बसतात. त्यांच्यापुढे जाऊन आपण कोण, कोणाचे, ते सांगायचं. ते देवाला कौल लावतात आणि चूल पेटवायला हो किंवा नाही म्हणतात. एवढंच आहे. पण अक्का जायच्या नाहीत, कारण तुम्ही जाऊ नको म्हणालात. तुमची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पाळता मात्र येतात.

आणि मास्तर, दत्तारामांकडे त्यांचं काय बसलेलं आहे, ते एकदा येऊन बघा.

आनंदीबाई

*

खारेपाटण, ५ मे

अक्का,

आनंदीबाईंनी सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावू नको.

चूक माझी. पण तू त्या लोकांपुढे हात जोडायचे नाहीस. मी दुसरा मार्ग काढलाय. चूल पुढच्या खोलीत मांडू, मालवणात. मागची बाजू कुलूप लावून ठेवून देऊ, पडली तर पडली. सीताला सांगितलं. ती म्हणाली, 'पुढच्या म्हणजे पुस्तकांच्या खोलीत? बरां झाला, लाकडां आणूक नको.' मग म्हणाली, 'आणि पाणी? बाव पण उचलून पुढे आणतलास?'

तेही जमलं नाही तर सौदा मोडू. भाड्याच्या खोलीत आजवर राहिलो तसे पुढेही राहू. तू मात्र देवळात जाऊ नको. मी एक तारखेला येऊन बघतो.

काशिनाथ

*

मालवण, १२ मे

काशी, तू जाव नको म्हटलंस. मी गेलंय. आता बस आणि वाच.

काल सोमवार. आनंदी वांगडा होती. देवळात चौघे मानकरी, मधी अप्पा सामंत. जाड भिंगाचो चष्मो, तोंडात दात नाय. गुरव देवाक पाकळ्यो लावूक तयार बसललो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय.

अप्पान इचारल्यान, 'घर कोणी घेतल्यान?'

'वालावलच्या काशिनाथ मास्तरान.'

'तो खंय आसा?'

'खारेपाटणाक, शाळेत.'

'मगे तू कोण?'

'तेची भयण.'

'तशी नको. देवाक सांगूक होया, कोणाची कोण ती. घोवाच्या नावासकट.'

काशी, सत्तावन वर्षांत तेंचा नाव माझ्या तोंडार इलेला नाय. आणि आता देवळात घेवचा? मी म्हटलंय, 'नाव मी घेवचंय नाय.'

'घेवक होया. नायतर गाऱ्हाणा कसा घालूचा?'

मी म्हटलंय, 'तूच घे. तुझोच थोरलो भाव तो.'

अप्पान चष्मो काढल्यान, धोतरान पुसल्यान, परत घातल्यान. म्हणता, 'थोरल्याची बायल? ती पोरगी होती.'

मी म्हटलंय, 'तू खंय मोठो बापयो होतंस? पाच वर्षांचो. तुका कडेर घेवन मी ह्या घराच्याच बावीर पाण्याक जाय. तू माझी कळशी बावीत टाकलंस आणि मार माका पडलो.'

अप्पा म्हणता, 'कळशी तांब्याची होती.'

'पितळेची. तांब्याची असती तर आणखी दोन पडले असते.'

तेवा तो हसलो. हसता हसता डोळे पुसूक लागलो, पण तां म्हाताऱ्यांका होता, तेचा काय नाय. गुरव म्हणता, 'कौल लावू?' अप्पा तेच्यार खेकसलो, 'सून घरात इली तर कौल लावतत काय? ठेव त्यो पाकळ्यो.'

दुसरो मानकरी म्हणता, 'पण घर मास्तराचा. मास्तर काय सून न्हय.' सगळे हसले. मगे तेंचा बोलणा झाला आणि ठरला ता असा. बाहेरच्याची चूल खैरवणात नको, पण गावच्या सुनेची चलता. तेवा चूल मी पेटवची. आणि जेवढा खैरवणात येता, चूल, मोरी, कोठी, बाव, तेवढा माझ्या नावार होवक होया. खतात वेगळा लिवूचा. तसा झाला तर सत्यवान दुसऱ्या दिवशी छपरार.

मी मागूक गेललंय नाय, काशी. आपसून इला. पण इल्यार 'नको' म्हणाक माका होवक नाय, तां खोटा कित्याक सांगू.

तू लिवलंस, गावान तुका हाकलल्यान. गावान नाय. सासऱ्यान हाकलल्यान. सासरो मेलो. गाव हुतो थयच आसा. आणि ह्या घर मी कित्याक बघलंय, तां सांगतंय. ती बाव तेवा सामंतांची होती, मगे गंगारामाच्या बापाशीन जागा घेतल्यान. पयल्या दिवसाक मी पोहरो टाकलंय, पाणी पिवन बघलंय, आणि मगेच भाव इचारलंय. आवशीकडे परत इलंय तेवा माका घोवाची आठवण येय नाय, तेका मी धड बघलंय पण नाय. पाण्याची येय.

दत्तारामाकडे माझा सगळा बसलेला म्हणतंस. होय. दुसऱ्याच्या फळीर माझो एक डबो बसलेलो आसा. तेच्यात काय आसा ता घरातल्या सगळ्यांका ठाऊक.

तुझे पैशे, तुझा घर. जमात तर कळव. जमना नाय तरी कळव, मी गंगारामाक नको म्हणान सांगतंय. रागवचंय नाय.

(मास्तर, सगळं परत वाचून दाखवलं. एक ओळ खोडायला सांगितली, डब्याची. मी हो म्हटलं, आणि खोडली नाही.)

*

खारेपाटण, २५ मे

अक्का,

'पत्र कालच मिळालं' असं लिहिणार होतो. चौदा तारखेलाच मिळालं. अकरा दिवस मी लावले.

मला राग आला होता. तुझा नाही, त्या मानकऱ्यांचा, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. मग कागद घेऊन घराचा नकाशा काढला. चौतीस वर्षांनी घर होतंय, आणि माझ्या वाट्याला आल्या दोन खोल्या, एक पडवी आणि मुन्शिपालटीचा कंदील. कंदीलही माझा नाही. सीताला नकाशा दाखवला. ती एवढी हसली की खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर म्हणाली, 'चौतीस वर्षां तुमची चूल मी फुकतंय. कधी इचारलास, ती कोणाच्या नावार आसा?'

मी म्हटलं, 'तो प्रश्न वेगळा.'

'वेगळो कसो? आणि वन्संची खोली तुमी पयल्याच पत्रात लिवूक होयी होती. मी तेवाच म्हटला होता.'

म्हणाली होती. मार्चमध्ये, मी पत्र लिहीत असताना, मागे उभी राहून म्हणाली होती. मी 'बघू' म्हटलं आणि तीन खोल्या लिहिल्या. तुझ्या सासरच्या गावाचं कारण मला नंतर सापडलं, आणि ते मला फार सोयीचं गेलं. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. भेटशील तेव्हा तू बोल.

खत चार तारखेला होईल, तुझ्या भागाचा कागद वेगळा. वकिलाने कार्डावर विचारलंय की तुझं आडनाव काय लावायचं. मी ह्या पाकिटावर लिहून बघितलंय, ते चालेल का सांग. पत्र दत्तारामदादाकडे न टाकता घराच्याच पत्त्यावर टाकतोय. सत्यवानाला वर चढायला सांग.

आणि पुस्तकं कुठे ठेवू? विचारलेलं बरं.

काशिनाथ

*

खैरवण, २८ मे

काशी,

पत्र काल इला. सत्यवान तेच्या आधी तीन दिवस छपरार चढलो. मी सांगूक गेललंय नाय. म्हणालो, 'मास्तर हो म्हणतले. नाय म्हटल्यानी तर परत उतरवतो, नळे काय पळतत?' मगे पत्र इला तेवा मी चूल पेटवलंय. पयलो भात अप्पा जेवलो. म्हणता, मीठ कमी. मी म्हटलंय, 'दात नाय, पण जीभ शाबूत आसा.'

आता आयक. दर्शनी खोली तुका आणि सीतेक. मधली गुरुदासाक, पुस्तकां तेच्या भिंतीक लाव. मी कोठीत. सीतेक सांग, चुलीकडे यवचा वाटला तर पाट घालून ठेवलंय, यवचा नाय वाटला तर पडवीत बसान हवा खा. फुकूचा काम माझा.

उंबऱ्याकडचो दगड वर इलोसा, पाय सांभाळून टाक. आणि तुका खिळे ठोकूची हौस आसा, ते मालवणात ठोक. खैरवणात ठोकूचो झालो तर माका इचार.

(मास्तर, ही बहुधा माझी शेवटची कंसातली ओळ, एक तारखेपासून तुम्हीच लिहायला असाल. पाकीट आलं तेव्हा मी पडवीत होते. पोस्टमन नवा आहे. रस्त्यावर उभा राहून त्याने मोठ्याने वाचलं, 'श्रीमती जानकीबाई सामंत.' शेजारचे म्हणाले, 'अशी कोण नाय हय. ह्या मास्तराचा घर.' तो पाकीट पिशवीत परत घालायला लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपासून आवाज आला.

'मागच्या दारान आण रे. ती मी.')